खर्च क्रोमवर नको, शाफ्टवर करा : हॉट रॉडच्या जुन्या जोड-कार्ब्युरेटरची स्वस्तातली दुरुस्ती

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी. तिच्या उघड्या इंजिनावर ओळीने बसलेले दोन-तीन कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारी यंत्रं, आज श्रीमंती थाटाचे वाटतात. मुळात तो कमी पैशातला उपाय होता. फोर्डने १९३२ मध्ये फ्लॅटहेड व्ही-८ (आठ सिलिंडरचं, बाजूला व्हॉल्व्ह असलेलं) इंजिन आणलं आणि १९३६ पासून त्यावर स्ट्रॉम्बर्ग ९७ हा कार्ब्युरेटर बसवायला सुरुवात केली. गाड्या लाखोंनी खपल्या, त्यामुळे काही वर्षांतच हे कार्ब्युरेटर भंगारात सहज मिळू लागले. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांनी तेच उचलले. एका कार्ब्युरेटरने इंजिनाचं पोट भरत नाही, तर दोन लावा, इतका साधा हिशोब. व्हिक एडेलब्रॉकने १९३८ मध्ये आपल्या १९३२ च्या रोडस्टरसाठी (उघड्या गाडीसाठी) दोन कार्ब्युरेटरचा ‘स्लिंगशॉट’ मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग, तयार केला, तोही याच गरजेतून.

आज याच कामात लोक भरपूर पैसे घालवतात, आणि बहुतेक चुकीच्या जागी घालवतात. क्रोमच्या टोप्या, चकचकीत पेट्रोल लाइन, पॉलिश केलेला मॅनिफोल्ड, आणि आत मात्र थ्रॉटलच्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) शाफ्टमधून हवा खेचणारे, पेट्रोलची पातळी चुकलेले कार्ब्युरेटर. इंजिन धड आयडलही होत नाही, म्हणजे पेडल न दाबता हळू चालतही नाही, मग दोष ‘जुन्या तंत्रा’ला दिला जातो. या लेखात पैसा तिथे लावायचा आहे जिथून हवा आणि पेट्रोल निसटतं. दिसण्याचं नंतर बघू.

काय घ्यायचं, किती घ्यायचं

९७ या आकड्याचा अर्थ व्हेंचुरीचा, म्हणजे हवेच्या वाटेतल्या अरुंद गळ्याचा, व्यास ०.९७ इंच. तोंडावळा तसाच असलेले ४८ आणि ८१ हेही स्ट्रॉम्बर्गचेच. ८१ छोट्या व्ही-८ साठी होता आणि त्याची व्हेंचुरी ०.८१ इंचाची, म्हणून बाऊलवरचा (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीवरचा) उठावाचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जोडीत एक ९७ आणि एक ८१ आला, तर जन्मभर ट्यून करत बसाल.

खिसा हलका असेल तर माझं सरळ मत : ९७ च्या मागे लागू नका, होली ९४ घ्या. फोर्डने १९३८ पासून १९५० च्या दशकापर्यंत हाच वापरला. बूड तसंच तीन बोल्टचं आहे, म्हणून ९७ साठीच्या मॅनिफोल्डवर बसतो. वलय नाही, म्हणून भावही कमी. ब्रिटनमधली स्ट्रॉम्बर्ग कंपनी आज नवे कोरे ९७ बनवते आणि ते उत्तम आहेत, पण मग हा स्वस्तातला मार्ग राहत नाही. तिसरा पर्याय रोचेस्टर २जी. पाँटिअ‍ॅकच्या १९५७ ते १९६६ च्या ट्राय-पॉवर या तीन कार्ब्युरेटरच्या मांडणीवर हेच कार्ब्युरेटर होते. दणकट आहेत आणि सुटे मिळतात, पण बूड चार बोल्टचं, म्हणजे मॅनिफोल्ड त्या मापाचा लागतो.

किती लावायचे, हे दिसण्यावरून ठरवू नका. इंजिनाची क्षमता घनइंचात घ्या, तिला कमाल आरपीएमने गुणा, ३४५६ ने भागा, मग भरण्याच्या कार्यक्षमतेने (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतं त्या प्रमाणाने) गुणा. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ते. २३९ घनइंचाचं फ्लॅटहेड ४५०० आरपीएमवर : ३११ सीएफएम, आणि ०.८ धरले तर जेमतेम २५०. एक ९७ सुमारे १५० सीएफएम हवा देतो. म्हणजे दोन पुरेसे, तिसरा फोटोसाठी. ३५० घनइंचाच्या शेवरोलेला ५००० आरपीएमवर ०.८५ धरून ४३० लागतात, तिथे तीन योग्य ठरतात. एक लक्षात ठेवा, दोन-बॅरल आणि चार-बॅरल (दोन आणि चार हवेच्या नळ्यांच्या) कार्ब्युरेटरचे सीएफएम वेगवेगळ्या व्हॅक्यूमवर मोजतात, त्यामुळे दोन्हींचे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.

स्वॉप मीटमध्ये (जुन्या सुट्या भागांच्या बाजारात) हाताने तपासणं

पेनसिल्व्हेनियातलं हर्शी असो की कॅलिफोर्नियातलं पोमोना, टेबलावर मांडलेला माल धुवून चकचकीत केलेला असतो. मला कळकट, न उघडलेला कार्ब्युरेटर जास्त विश्वासाचा वाटतो, कारण त्यात कुणी ड्रिल घातलेलं नसतं.

थ्रॉटलचा शाफ्ट दोन्ही टोकांना धरून वर-खाली हलवा. थोडा खेळ सगळ्यांतच असतो. खडखड वाजला, तर बुशचा (शाफ्टभोवतीच्या धातूच्या वेढणीचा) खर्च किमतीतून वजा करून बोला. मग बुडाचे आणि वरच्या झाकणाचे कान बघा. कुणी पाना जोरात आवळला असेल तर ते वाकलेले किंवा तडकलेले असतात. ९७ चं झाकण आणि बाऊल जस्ताच्या ओतकामाचे, बूड मात्र बिडाचं. जस्त तडकलं की दुरुस्ती सोपी नसते, तेव्हा बाऊलच्या खालच्या बाजूला, पितळी प्लगांच्या आसपास नख फिरवून बघा. मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) त्या प्लगांच्या मागे असतात. प्लगाचा खाचा पूर्ण चावलेला असेल, तर आत काय झालं असेल त्याचा अंदाज करा.

जोडी हवी असेल तर तीन घ्या, तिघं हवे असतील तर चार. जास्तीचा एक पार मोडका चालेल. एक बरा लीव्हर, एक धड झाकण, दोन स्क्रू मिळाले तरी त्याची किंमत वसूल होते.

खोलणं

प्रत्येक कार्ब्युरेटरला वेगळा ट्रे. एकमेकांचे भाग मिसळू नका. इतक्या वर्षांत कुणी कशाला काय जोडलंय ते सांगता येत नाही, निदान आता तरी गोंधळ वाढवू नका. प्रत्येक टप्प्याला फोनवर फोटो काढा.

जाम झालेल्या प्लगावर जोर करण्याआधी चार-पाच दिवस गंज सोडवणारं तेल सोडत राहा. मग भाग हीट गनने तापवा, स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसेल असं घासून घ्या, दाबून धरा आणि हळूच फिरवा. ज्वाला वापरू नका. जस्ताचं ओतकाम ४०० अंश सेल्सियसच्या आसपास वितळायला लागतं, आणि वितळण्याआधी काही बदल दिसतच नाही. शिवाय बाऊलमध्ये जुन्या पेट्रोलचा वास उरलेला असतोच. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, नुसता घरात कुठेतरी असून उपयोग नाही.

बटरफ्लायचे (थ्रॉटलच्या शाफ्टवरच्या गोल पत्र्याचे) बारीक स्क्रू सुटू नयेत म्हणून मागून ठोकून फुलवलेले असतात. ते तसेच फिरवले तर शाफ्टचे आटे जातात, किंवा स्क्रूच तुटतो. आधी फुललेलं टोक छोट्या रोटरी टूलने किंवा बारीक कानशीने सपाट करा, मगच सोडवा. पुन्हा बसवताना नवे स्क्रू घ्या. या स्क्रूत पैसे वाचवू नका, सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

साफसफाई

डब्यातलं कार्ब्युरेटर बुडवायचं द्रावण सगळ्यांत सोपं. अल्ट्रासॉनिक मशीन मित्रांत वाटून घेतलं तर स्वस्त पडतं. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस जस्ताच्या भागांवर नको, तो धातूच खातो. बिडाचं बूड गंजलेलं असेल तर ते वेगळं काढून गंज उतरवा. वाळू किंवा काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग तर बाऊलजवळही नको. एक कण आयडलच्या वाटेत अडकला की महिने जातात.

क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तापलेल्या भागांवर मारू नका, त्यातून विषारी वायू होतो. गॅरेजचं दार उघडं ठेवा.

मग प्रत्येक वाट उघडी आहे का बघा. स्प्रेची नळी एका टोकाला लावा, दुसऱ्या टोकातून धार आली पाहिजे. आयडल ट्यूबची टोकं फार बारीक असतात आणि तीच बहुतेक तुंबतात. सतारीच्या किंवा गिटारच्या पातळ तारेचा एक तुकडा चालतो. जेटमध्ये मात्र तारही ओरखडा काढते, ड्रिल तर अजिबात नको. कुणी आधीच जेट मोठा केला असेल, तर नवे जेट घेणं स्वस्त.

यानंतर पृष्ठभाग. जाड काचेवर ३२० नंबरचा पेपर पसरून झाकण आणि बाऊल हलक्या हाताने आठाच्या आकड्यात फिरवा. चमक सगळीकडे सारखी येईपर्यंत थांबू नका, पण आवळून वाकलेलं झाकण घासून सरळ होत नाही. ते लाकडाच्या दोन ठोकळ्यांत क्लँपने हळूहळू सरळ करावं लागतं आणि तरी तडा जाण्याचा धोका असतो. म्हणूनच तो जास्तीचा मोडका कार्ब्युरेटर घेतला.

शाफ्ट आणि बुश

इथे पैसे मोजा. शाफ्टभोवती फट राहिली की इंजिन त्यातून हवा खेचतं. ही हवा मोजलेली नसते, तिच्याबरोबर पेट्रोल नसतं. आयडल मिक्स्चरचा (आयडलचं मिश्रण ठरवणारा) स्क्रू फिरवला तरी फरक पडत नाही, गरम इंजिन हळू होताना बंद पडतं. एका कार्ब्युरेटरमध्ये ही गळती चालून जाते. तीनमध्ये सहा जागा गळतात, आणि प्रत्येक वेगळ्या प्रमाणात, म्हणून ते कधीच जुळत नाहीत.

तीन मार्ग आहेत. घासलेला फक्त शाफ्ट असेल तर नवा शाफ्ट पुरतो. बूडही घासलं असेल तर किंचित जाड मापाचा शाफ्ट मिळतो, त्यासाठी भोकं रीम करावी (नेमक्या मापाला किंचित मोठी करावी) लागतात. आणि भोकं अंडाकृती झाली असतील तर कांस्याचे बुश. बुशचं काम घरच्या ड्रिलने करू नका. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आली नाहीत तर शाफ्ट अडकतो आणि थ्रॉटल उघडा राहतो, जे हवेच्या गळतीपेक्षा कितीतरी भयंकर. गावातल्या मशीन शॉपला तिन्ही बुडं एकदम द्या, सेटिंग एकदाच लागतं म्हणून मजुरी कमी होते. मिशिगन किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी इंजिनीअर मंडळींपैकी ज्यांना कामावरच्या टूल रूमची ओळख आहे, त्यांनी तिथला कुणी म्हातारा मशिनिस्ट गाठावा. अशा कामाला त्याला आनंद होतो.

बटरफ्लायची कड तिरकी घासलेली असते, उलटी बसवली तर बंदच होत नाही. स्क्रू सैल ठेवून शाफ्ट बंद करा, दोन-चार वेळा टिचकी मारल्यासारखा बंद करा म्हणजे पत्रा स्वतःच मध्यावर येतो. मग उजेडाकडे धरून बघा. कडेने सगळीकडे सारखी, केसाइतकी रेघ दिसली तर ठीक. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर पुन्हा. मग स्क्रू आवळा, थ्रेडलॉक (आटे घट्ट धरणारा डिंक) लावा आणि शाफ्टला खालून आधार देऊन टोकं ठोका. आधार न देता ठोकलं की शाफ्ट वाकतो, आणि मशीन शॉपचे पैसे पाण्यात.

फ्लोट, नीडल आणि पेट्रोलची पातळी

फ्लोट बाऊलमधल्या पेट्रोलवर तरंगतो आणि नीडल ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर भोक आहे. डाग (सोल्डर) देण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण बाहेर काढा, काही दिवस उन्हात ठेवा, नाहीतर सोल्डरिंगची इस्त्री लावताच तो फुटू शकतो. डाग थेंबाएवढाच, कारण फ्लोट जड झाला की पातळी वर जाते. नीडल आणि सीट नवेच घ्या, रबरी टोकाची नीडल जुन्या स्टीलपेक्षा चांगली बंद होते. किट घेताना इथेनॉलला टिकणारं आहे का ते विचारा. अमेरिकेत पंपावर सरसकट १० टक्के इथेनॉल असतं, भारतात आता २० टक्के. जुनं रबर त्यात फुगतं किंवा चिघळतं.

९७ मध्ये पेट्रोलची पातळी बाऊलच्या वरच्या कडेपासून १५/३२ इंच खाली, १/३२ इकडेतिकडे चालेल. गॅस्केट काढून, कडेवर पट्टी ठेवून मोजा. फ्लोट बाऊलमध्येच असल्याने झाकण काढून हे करता येतं, ही ९७ ची मोठी सोय. टेबलावर बाटली टांगून पेट्रोल सोडलं तर एक फूट उंचीला जेमतेम एक तृतीयांश पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब मिळतो. गाडीवर दाब जास्त, पातळीही थोडी वर. म्हणून शेवटचं माप गाडीवर, पंप चालू असताना. फ्लोटची जीभ वाकवताना नीडल सीटवर दाबली जाणार नाही याची काळजी घ्या. ९४ चं माप किटच्या कागदावर असतं, ९७ चा आकडा तिथे लावू नका.

कार्ब्युरेटरच्या आतल्या पंपाचं (थ्रॉटल दाबल्यावर जास्तीचं पेट्रोल मारणाऱ्या) चामडं कोरडं असेल तर रात्रभर हलक्या तेलात भिजवा. मग बाऊल भरून थ्रॉटल हलवा. दोन्ही बॅरलमध्ये सारख्या, सरळ धारा पडल्या पाहिजेत. एक धार लंगडी असेल तर गाडीवर चढवूच नका.

जेट आणि पॉवर व्हॉल्व्ह

९७ चा मूळ मुख्य जेट ०.०४५ इंचाचा. समुद्रसपाटीजवळ सुरुवात इथूनच करा. डेन्व्हरसारख्या उंचीवर एक-दोन पायऱ्या खाली या. पॉवर व्हॉल्व्ह जास्त भाराला जास्तीचं पेट्रोल देतो. त्याचे आकडे ड्रिलच्या नंबरांत असतात, म्हणजे आकडा वाढला की भोक बारीक. मूळचा ६५. जोडीत धूर काळा येत असेल तर ६९ लावून बघा. ९७ मध्ये हा व्हॉल्व्ह पंपाच्या दांड्याने, थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडल्यावर ढकलला जातो, व्हॅक्यूमशी त्याचा संबंध नाही.

९४ मध्ये तो व्हॅक्यूमवर चालतो, आणि स्वस्तातला हा कार्ब्युरेटर इथेच लोकांना रडवतो. इंजिनात उग्र कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा) असेल आणि आयडलला व्हॅक्यूम पाऱ्याच्या ९ किंवा १० इंचच असेल, तर ७.५ चा व्हॉल्व्ह सतत उघडझाप करत पेट्रोल ओतत राहतो. आयडल व्हॅक्यूमच्या निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह घ्या. त्याचं गॅस्केट गळलं तरी पेट्रोल सरळ मॅनिफोल्डमध्ये जातं, म्हणून बसवण्याआधी हातपंपाने व्हॅक्यूम देऊन धरतो का बघा. तीन कार्ब्युरेटरच्या मांडणीत टोकाच्या दोन्हींना बरेच जण हा व्हॉल्व्ह बंद करून मुख्य जेट थोडा वाढवतात, कारण ते उघडतात तेव्हा इंजिनावर भार असतोच.

मॅनिफोल्ड, दाब, लिंकेज (थ्रॉटल जोडणारे दांडे)

जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डवर पाण्याच्या वाटांभोवतीचं कुजणं आणि स्टडचे (रोवलेल्या बोल्टांचे) गेलेले आटे बघा. आट्यांसाठी हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेची नवी आटी) स्वस्त आहे. फ्लॅटहेड घेताना २१ स्टडचं, २४ स्टडचं की १९४९ पासूनचं ८बीए मॉडेल, हे विकणाऱ्याला आधी विचारा.

९७ ला पेट्रोलचा दाब अडीच पीएसआय पुरतो, तीनच्या वर नको. नंतरच्या शेवरोलेचा पंप पाच ते सात देतो, आणि तो नीडल उचलून बाऊल भरभरून वाहवतो. कार्ब्युरेटर पुन्हा खोलण्याआधी कमी दाबाचा रेग्युलेटर लावा आणि त्याच्या पुढे गेज. काचेचा फिल्टर गरम इंजिनाजवळ नको. होस पेट्रोल इंजेक्शनला चालणारा घ्या.

दोन कार्ब्युरेटरना सरळ लिंकेज : दोघं एकदम उघडतात, आयडलही दोघांवर. तिघांना बहुधा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे मधला चालतो आणि तो साधारण अर्धा उघडल्यावर टोकाचे उघडतात. अशा वेळी टोकाच्यांच्या बटरफ्लाय पूर्ण बंद होणं हा सगळा खेळ आहे. त्यांचे चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणाऱ्या झडपा) काढून टाकले तर चोकच्या शाफ्टची भोकं बुजवा. आणि महिन्यातून एकदा तरी गाडी जोरात न्या, नाहीतर टोकाच्या बाऊलमधलं पेट्रोल शिळं होऊन चिकट होतं. परतीचे स्प्रिंग दोन लावा, एक तुटला तरी थ्रॉटल बंद व्हावा म्हणून.

फोर्डच्या १९४९ पासूनच्या फ्लॅटहेडवर लोड-ओ-मॅटिक डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) असतो. त्यात वजनांवर चालणारा अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणं) नाही, तो फक्त कार्ब्युरेटरच्या व्हॅक्यूमवर अवलंबून असतो. दोन कार्ब्युरेटर लावले की त्याला मिळणारा सिग्नल बिघडतो आणि गाडी मंद होते. लोक जेट बदलत बसतात. बदलायचा असतो डिस्ट्रिब्युटर.

जुळवणं

आधी टायमिंग (ठिणगीची वेळ), प्लग आणि व्हॉल्व्ह ठीक करा, मग कार्ब्युरेटरला हात लावा. लिंकेज सोडून ठेवा. सगळे आयडल मिक्स्चर स्क्रू बोटांच्या जोराने बसवा, घट्ट आवळू नका, आणि एक-एक फेरा बाहेर काढा. दोघांचे आयडलच्या वेगाचे स्क्रू सारखे लावा. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या.

हवेचा प्रवाह मोजायचं साधं घड्याळवजा यंत्र मिळतं, पण पैसे नसतील तर दीड फूट रबरी नळी पुरते. एक टोक कानाशी, दुसरं प्रत्येक बॅरलच्या तोंडाशी, दरवेळी तेवढ्याच अंतरावर. तबला सुरात लावताना जसा प्रत्येक घरावर टोल घेऊन कान लावतात तसंच. फूत्कार एकाचा जाड, दुसऱ्याचा बारीक असेल तर वेगाचा स्क्रू थोडा फिरवा, दोन्ही सारखे झाले की व्हॅक्यूम गेज बघत मिक्स्चरचे स्क्रू प्रत्येकी एक अष्टमांश फेऱ्याने हलवा. साध्या कॅमच्या फ्लॅटहेडला १७ ते २० इंच मिळायला हवेत. मग लिंकेज जोडा. जोडताना आवाज बदलला तर दांड्याची लांबी चुकली आहे. १५०० ते २००० आरपीएमवर पुन्हा ऐका, आयडलला जुळलेली जोडी तिथे बहुधा थोडी फाटते. शेवटी इंजिन बंद करून पेडल तळाला दाबा आणि सगळे पूर्ण उघडतात का, कुणाला तरी आत बसवून डोळ्यांनी बघा. दोन एसयू (ब्रिटिश बनावटीचे) कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या एमजी किंवा जॅग्वार ठेवणाऱ्या मुंबई-पुण्यातल्यांनाही हाच क्रम चालतो, फक्त जेटचे आकडे नाही.

मिक्स्चरच्या एखाद्या स्क्रूला काही उत्तरच येत नसेल, तर त्या बाजूची आयडल ट्यूब किंवा शाफ्ट तपासा. आयडलला बाऊलच्या नळीतून पेट्रोल टपकत असेल, तर आधी दाब, मग पातळी, मग फ्लोट. गरम गाडी थांबवून लगेच सुरू होत नसेल, तर बहुतेक बाऊलमधलं पेट्रोल उकळलंय. बुडाखाली फिनॉलिकचा (उष्णता अडवणाऱ्या प्लॅस्टिकचा) जाड स्पेसर लावून बघा. शंभरेक मैलांनंतर बुडाचे नट पुन्हा तपासा, गॅस्केट दबलेलं असतं. नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा आणि कान वाकेल इतका जोर करू नका. हिवाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल, तर पेट्रोल बंद करून इंजिन स्वतःहून थांबेपर्यंत चालवा, म्हणजे बाऊल रिकामे राहतील.